रूळ न फिरलेली जागा

आमच्या कॅमेऱ्याला गावोगावची माणसं एक्स-रे म्हणतात. आधी मी समजावून सांगायचे, हल्ली सांगत नाही. हा कॅमेरा मातीच्या आतलं काही बघत नाही. वरच्या कातडीचं ऊन-गार तेवढं बघतो आणि त्याचे रंग करून दाखवतो. उबदार ते पिवळं-नारिंगी, गार ते निळं-जांभळं. हिवाळ्यात उजाडायच्या सुमाराला धरणाचा उतार गारठलेला असतो. तेव्हा भेगेतून आतली ऊब बाहेर येते आणि पाणी झिरपतं तिथली मातीही आजूबाजूपेक्षा जरा उबदार राहते. निळ्या उतारावर पिवळी रेघ उमटते ती अशी. नुसत्या डोळ्यांना तिथे वाळलं गवत, मुरूम आणि एखादी वेडी बाभूळ एवढंच दिसतं.

नगरला आमचं छोटं ऑफिस आहे. जुने मातीचे बांध तपासायचे आणि कुठे धोका आहे ते कळवायचं, हे आमचं काम. मी तिथली सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात भांडखोर इंजिनिअर. गेल्या दोन-तीन वर्षांत पाऊस असा काही पडला की कायम अर्धे राहणारे पाझर तलाव काठोकाठ भरले. माझ्या पारनेर तालुक्यातल्या माहेरच्या गावचा तलावही भरला. त्याच्या तपासणीचं काम आलं तेव्हा बरोबरचा सहकारी म्हणाला, तुमचंच गाव आहे, मी एकटा जाऊन येतो. मी म्हटलं, माझंच गाव आहे म्हणून तर मी जाणार. त्या बांधावर माझ्या आईने पाट्या वाहिल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळातलं ते काम. लहानपणापासून कोणी पाहुणा आला की आई त्याला चहाच्या आधी तलाव दाखवायची आणि सांगायची, हा आमी बांधला.

आई माझ्या भावाकडे राहायची. भाऊ सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे आणि वहिनी घरचं, शेताचं आणि आईचं असं सगळं बघते. आई तशी ठणठणीत होती. जरा दम लागायचा, पण तो विषय काढलेला तिला खपायचा नाही. मी संध्याकाळी पोचले आणि कॅमेरा खाटेवर ठेवला तर ती लगेच जवळ आली. मी तो तिच्याकडे वळवला आणि पडद्यावर तिलाच दाखवलं. गाल नारिंगी, कपाळ पिवळं, नाकाचा शेंडा निळा. ती इतकी हसली की वहिनी भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली. नाक गार पडलंय म्हणजे आता जायची वेळ झाली, असं आईच म्हणाली आणि पुन्हा हसली. मग तिने विचारलं, यात देव दिसतो का गं? देव गरम असला तर दिसेल, मी म्हटलं. तिला ते उत्तर आवडलं नाही.

सकाळी उजाडायच्या आत मी आणि माझा सहकारी बांधावर गेलो. पारनेरच्या माळावरची थंडी अशी की बोटांना बटण सापडत नव्हतं. पहिल्यांदा एक मोठा पिवळाधमक डाग दिसला आणि मी तिकडे धावले. जवळ जाऊन बघितलं तर तिथून नुकतंच एक कुत्रं उठून गेलं होतं. सहकारी म्हणाला, मॅडम, लिहा, कुत्र्याएवढी गळती. आम्ही हसत हसत पुढे सरकलो. बांधाच्या बरोबर मधे, जिथे पूर्वीचा ओढा होता, तिथे मागच्या उतारावर पिवळी रेघ दिसली. ती वरून तिरकी खाली उतरत होती आणि पायथ्याजवळ पसरून हाताच्या पंजाएवढी होत होती.

तिथे हळद-कुंकू पडलेलं होतं, एक विझलेली पणती होती, हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. आई दर अमावस्येला बांधावर जाऊन काहीतरी वाहते हे मला माहीत होतं. मला वाटलं, तिच्या दिव्याचीच ऊब असेल. घरी जाऊन मी तिला दटावलं, म्हटलं, तुझ्या पणतीने माझं मोजमाप बिघडवलं. ती म्हणाली, दिवा परवा लावला हुता, आतापतूर त्याची ऊब ऱ्हाती का? तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. रेघ तिथेच. त्याच दिवशी भर दुपारी गेलो, तेव्हा तापलेल्या उतारावर तीच रेघ गार दिसली. ओल असली की असंच होतं, पहाटे उबदार आणि दुपारी गार. आता शंकेला जागा नव्हती. सहकाऱ्याने पायथ्याशी पहार मारून बघितली आणि भोकात हळूहळू पाणी जमलं. पाणी गढूळ होतं. नितळ असतं तर इतकं घाबरायचं कारण नव्हतं. गढूळ पाणी म्हणजे बांधातली माती वाहून बाहेर यायला लागली होती.

पायथ्याच्या खाली, ओढ्याच्या दोन्ही अंगांनी वस्ती आहे. पंधरा-वीस घरं, एक अंगणवाडी, एक पिठाची गिरणी. आम्ही पहार मारत होतो तेव्हा अंगणवाडीतल्या मुलांचा एका सुरातला ओरडा वर ऐकू येत होता.

मला कोडं पडलं ते वेगळंच. बाकीचा बांध इतका पक्का होता की हेवा वाटावा. त्या काळी बैलांनी ओढायचा दगडी रूळ असायचा. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. ही दबाई चांगली झाली असेल तर माती दगडासारखी होते. इथे सगळीकडे ती झालेली होती, मधल्या एवढ्याशा जागेत नव्हती. न दाबलेली माती वर्षानुवर्षं हळूहळू खाली बसत जाते, शेजारची दाबलेली बसत नाही, आणि वरच्या अंगाला दोन्हींच्या मधे चीर पडते. तलाव कधी पूर्ण भरलाच नाही म्हणून ही चीर इतकी वर्षं कोरडी राहिली. आता पाणी तिच्या उंचीपर्यंत चढलं होतं.

रात्रीचं जेवताना मी हे भावाला सांगत होते. आई भाकरी कुस्करत होती. ती थांबली आणि तिने मला जागा नीट विचारली. पणतीच्या वरच्या अंगाला का? तिथून किती वर? मी सांगितलं. तिने ताट सरकवलं आणि हात धुऊन ओसरीवर जाऊन बसली. मी मागोमाग गेले. तेव्हा तिने मला जे सांगितलं ते भावालाही माहीत नव्हतं.

ओढ्यात त्या जागी साती आसरा होत्या. शेंदूर लावलेले सात दगड. पाण्यातल्या ह्या बाया भोळ्या नसतात. बाळंतिणीला, पोटुशीला, तान्ह्या पोराला धरतात असं गाव मानायचं, अजूनही मानतं. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली होती. एक जन्मतानाच, एक पाचवी पुजायच्या आत. दोन्ही वेळा गावाने एकच सांगितलं, तू भर दुपारी ओढ्यावर पाण्याला गेलीस, आसरांनी घेतलं. माझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आई ओढ्यावर जाऊन त्यांच्याशी बोलली. हे एवढं जगू द्या, मी तुमच्या अंगावर कुणाचा पाय पडू देणार नाही. आणि पुढच्याच महिन्यात दुष्काळी काम निघालं. बांधाची आखणी झाली ती नेमकी त्या दगडांवरून.

मुकादम म्हणाला, दगड उचला आणि काठावर ठेवा. जुन्या माणसांनी कौल लावला. फूल काही पडेना. कौल मिळाला नाही म्हणून दगडांना हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी ठरलं की आहेत तिथेच राहू द्यात, वरून माती पडेल. याला आईची हरकत नव्हती. आसरा पाण्यातल्याच, त्या पाण्याखाली, मातीखाली गेल्या तर रागवायच्या नाहीत. पण रूळ फिरवायचा म्हणजे बैलांचे खूर आणि तो धोंडा त्यांच्या डोक्यावरून जाणार. आई जाऊन त्या जागेवर बसली. मुकादम ओरडला, शिव्या दिल्या, पण दोन मुलं गेलेली पोटुशी बाई आसरांच्या जागेवरून हाताला धरून उठवायची छाती त्याला झाली नाही. आमच्याकडे ती कोणालाच झाली नसती. बैल वळसा घालून गेले. मग त्या जागेची माती बायकांनी हाताने थापली, भिंत लिंपावी तशी. पुढच्या थराला आई पुन्हा जाऊन बसली. त्याच्या पुढच्यालाही. बांध चढत गेला आणि तिचं पोट वाढत गेलं. माझा जन्म होईपर्यंत त्या जागी पुरुषभर उंचीची माती नुसती थापलेली होती.

ते ऐकताना मला आधी राग आला. एवढी वर्षं मी बांधांचंच काम करते आणि ही बाई मला एका शब्दाने बोलली नाही. मग राग उतरला आणि मला रडू आलं. आई मात्र रडत नव्हती. तिला आता एकच दिसत होतं. मी ते लिहून दिलं की बांध उकरणार, आसरा निघणार आणि माझ्या जिवासाठी दिलेला शब्द मोडणार.

"लिहू नको ते. माझं एवढं ऐक."

मी तिला सांगितलं की खाली वस्ती आहे, अंगणवाडी आहे, पुढच्या पावसाळ्यात काहीही होऊ शकतं, लहान मुलं असतात तिथे.

"त्या पोरांना त्यांच्या आया हायेत," ती म्हणाली. "तुला मीच हाय."

पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी, रक्तदाबाची गोळी घेणारी पोर होते मी तिची. मी तिच्या शेजारी बसून सगळी अक्कल पणाला लावली. दोन मुलं गेली ती उपासमारीने गेली, दाईच्या गंजक्या विळ्याने गेली, त्या काळी घरोघरी जात होती. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, मग तू कशी राहिलीस? उपासमार तर तुझ्या वक्ताला लई हुती. काही मुलं जगतात आणि काही जातात, जगलेल्याचं कारण कोणी विचारत नाही, पण हे काही आईला देण्यासारखं उत्तर नाही.

न उकरता भागतं का हेही मी तिच्यासाठी तपासलं. वरून भोकं पाडून चिखल-सिमेंटची लापशी आत दाबायची एक पद्धत असते. मी ऑफिसात तीन वेळा विचारलं, बाहेरच्या एका जाणत्या माणसालाही विचारलं. सगळ्यांचं मत एकच पडलं, आत दगड आहेत, त्यांच्याभोवती पोकळी आहे, लापशी कुठे जाईल सांगता येत नाही. उकरून पुन्हा भरणं हाच खात्रीचा उपाय. मी अहवाल दिला. मला आजही दुसरं काही करता आलं असतं असं वाटत नाही, आणि त्यामुळे दुःख काही कमी होत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला सांडवा कापून पाणी उतरवलं. तलाव रिकामा होताना बघायला गाव जमलं होतं. तलावाच्या पाण्यावर बागा असलेल्या डाळिंबवाल्यांची तोंडं उतरली होती, पण भांडण कोणी केलं नाही, कारण तोवर पायथ्याशी उघड्या डोळ्यांनाही ओल दिसायला लागली होती. मग पोकलेन लागलं. वरचा थर निघाला, त्याखालचा निघाला. कडेची माती कापताना यंत्र कण्हत होतं आणि मधली माती भुसभुशीत, सहज निघत होती. एका थरात बोटांचे ठसे दिसले असं ऑपरेटर म्हणाला. मी जाईपर्यंत ते ढासळून गेले होते.

आईला घरीच ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. ती आली. वहिनीचा हात धरून, दर चार पावलांवर थांबत. सातही दगड सापडले. शेंदूर केव्हाच गेला होता, पण दगड ओळखू येत होते. गावाने या वेळी सगळं रीतसर केलं. आधी कौल लावला, फूल पडलं, दहीभात दाखवला, खण-बांगड्या वाहिल्या, आणि तलावाच्या वरच्या काठाला लिंबाखाली ओटा बांधून त्यांना तिथे बसवलं. मी आईला म्हटलं, बघ, कौल मिळाला, त्यांनीच परवानगी दिली. ती म्हणाली, गावाला दिली. माझं बोलनं गावाशी न्हवतं.

ओट्यावर बसवायच्या आधी दगड गवतावर ठेवले होते तेव्हा ती वहिनीचा हात धरूनच त्यांच्याजवळ जाऊन वाकली आणि बराच वेळ काही तरी पुटपुटत राहिली. काय बोललीस, मी विचारलं. ते माझं नि त्यांचं हाय, तू तुझं बघ, असं म्हणून तिने मला उडवून लावलं. नंतर ती अगदी शांत झाली. घरी आल्यावर तिने पोटभर जेवण केलं, मला वेणी घालायला लावली, माझ्या पांढऱ्या केसांवरून मला चिडवलं. मला वाटलं, पटलं तिला एकदाचं. मी निर्धास्त होऊन नगरला आले.

बांध पावसाआधी भरून झाला. या वेळी थरथरणारा लोखंडी रोलर होता. तो त्या जागेवरून गेला तेव्हा मी तिथेच उभी होते, दबाई मोजून घेत होते. कुठेही कसर राहिली नाही. तलाव पुन्हा भरला. पहिल्या थंडीत आम्ही कॅमेरा नेला आणि उतार या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा निळा निघाला. मी तो फोटो आईला दाखवायला नेला. ती तेव्हा अंथरुणावर होती. साधा ताप आहे, असं भाऊ फोनवर म्हणाला होता. तिच्या श्वासाचा आवाज मला दारातूनच ऐकू आला.

नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठलाय, न्यूमोनिया आहे, वय झालंय पण बरं होण्यासारखं आहे, औषध पोटात जायला हवं. ते जाईना. गोळी दिली की ती जिभेखाली ठेवायची आणि नर्स वळली की काढून टाकायची. सलाइनची सुई तिने दोनदा उपसली. तोंडावरचा मास्क काढून उशाशी ठेवायची. मी रागावले, विनवलं, हात बांधू का म्हणाले. ती माझ्याकडे अशा मायेने बघायची की पुढचं बोलायच्या ऐवजी मी तिची उशी नीट करत बसायचे. आम्हाला वाटलं, तापाने भ्रमिष्ट झाली आहे. पण बाकी सगळं तिला नीट कळत होतं. भावाला सुप्याची बस कधी आहे हेही ती विचारायची.

शेवटी वहिनीने मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. आईने तिला कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती आणि ती तिला आता पेलवत नव्हती. दगड गवतावर ठेवले होते तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, शब्द मोडला तो माझा मोडला, लेकीला हात लावू नका, तिच्या जागी मला घ्या. तेव्हापासून आई वाट बघत होती. ताप आला त्या दिवशी तिने वहिनीला सांगितलं होतं, आलं बघ बोलावणं, पोर सुटली.

मी आत गेले. ती जागी होती. मी तिचा हात हातात घेतला आणि तिच्या अगदी कानाशी, एकेक शब्द सुटा करून म्हटलं,

"आई, मला काही होणार नाहीये."

तिने मान डोलावली. मी शेवटी बरोबर बोलले असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"व्हय," ती म्हणाली. "आता न्हाई व्हायचं काई."

तिसऱ्या दिवशी ती गेली. चेहऱ्यावर समाधान होतं असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. मला ते बघवत नव्हतं. बाईमाणूस असून मी स्मशानात गेले, तिथेही कोणाशी तरी भांडले, कशावरून ते आता आठवत नाही.

मी बरी आहे. गुडघेसुद्धा जरा बरे आहेत. गावी गेले की बायाबापड्या मला आपादमस्तक न्याहाळतात आणि म्हणतात, म्हातारीनं राखलं गं तुला. मी जेवढी वर्षं धडधाकट जगेन तेवढं तिचंच खरं ठरत जाणार आहे. ते खोटं ठरायचं असेल तर मला काहीतरी व्हायला हवं, आणि तसं झालं तरी गाव म्हणेल, बघा, आसरा. कुठूनही धरा, ती बरोबर आणि मी चूक. यावर तिच्याशी एकदा कडाडून भांडायचं होतं मला. ते राहिलं.